प्रकल्प नोंदी: एकच पेनड्राइव्ह, प्रत्येक यंत्राला त्याचा ग्राफिक्स ड्रायव्हर

६ जानेवारी २०२४

काम असे आहे. संगणक प्रयोगशाळेसाठी डेबियन १२ वर (लिनक्सच्या एका वितरणावर) आधारलेली, पेनड्राइव्हवरून चालणारी एकच इमेज (पूर्ण प्रणालीची तयार प्रत) करायची. डेस्कटॉप एक्सएफसीई, कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.१. यंत्रे वेगवेगळ्या वर्षी जोडून घेतलेली, त्यामुळे आत सापडेल ते कार्ड. बसणाऱ्याने ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) निवडायचा नाही, त्याला तो शब्दही दिसता कामा नये. आणि कोणत्याही परिस्थितीत पडद्यावर काहीतरी चित्र आलेच पाहिजे, मग ते संथ असले तरी चालेल. ही दुसरी अट पहिलीपेक्षा मोठी मानायची.

चाचणीसाठी काढून ठेवलेली कार्डे: इंटेलचे आतलेच ग्राफिक्स (एचडी २५००, एचडी ४६००, यूएचडी ६३०), एएमडीची एचडी ५४५०, आर७ २४० आणि आरएक्स ५७०, एनव्हीडियाची जीफोर्स २१०, जीटी ७१०, दोन जीटी ७३०, जीटीएक्स १०५० टीआय. जुनी कार्डे मुद्दाम जास्त घेतली आहेत. नवे कार्ड बहुतेक वेळा आपोआप चालते, रडवते ते जुनेच.

८ जानेवारी

आधी कर्नल स्वतःहून काय करतो ते नीट मांडून ठेवतो, म्हणजे आपण नेमकी कुठे ढवळाढवळ करतोय ते कळेल.

पीसीआय बसवरच्या (कार्डे जोडणाऱ्या मार्गावरच्या) प्रत्येक उपकरणाच्या नोंदवहीत सुरुवातीलाच उत्पादकाचा क्रमांक आणि उपकरणाचा क्रमांक असतो. इंटेल ८०८६, एनव्हीडिया १०डीई, एएमडी १००२. त्याशिवाय वर्ग-क्रमांक असतो. ०३ म्हणजे चित्र दाखवणारे उपकरण, त्यात ०३०० म्हणजे व्हीजीए, ०३०२ म्हणजे नुसता थ्रीडी नियंत्रक, ज्याला बहुधा मॉनिटरचा सॉकेटच नसतो. कर्नल या सगळ्यांची मिळून एक ओळ बनवतो, तिला मोडअलायस म्हणतात. ड्रायव्हरच्या फाइलमध्येही 'मी अमुक क्रमांक सांभाळतो' अशा ओळी असतात. डेपमॉड हा प्रोग्राम त्या गोळा करून मॉड्यूल्स.अलायस नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. यूडेव्ह (उपकरणे हाताळणारी सेवा) उपकरणाची ओळ घेतो, या फाइलशी जुळवतो आणि जुळलेले मॉड्यूल (कर्नलमध्ये चढवायची ड्रायव्हरची फाइल) चढवतो. कार्ड ओळखण्याची यंत्रणा एवढीच, आणि इंटेलसाठी ती पुरेशी आहे. आय९१५ हा एकच ड्रायव्हर तिन्ही पिढ्यांवर विनातक्रार चढला. इंटेलचा विषय इथेच संपला.

११ जानेवारी

एनव्हीडियावर ही जुळवणी का फसते ते अलायस फाइल उघडल्यावर लगेच दिसते. नूवो या एनव्हीडिया कार्डांसाठीच्या मुक्त ड्रायव्हरची ओळ म्हणते: उत्पादक १०डीई, उपकरण कोणतेही, वर्ग ०३. एनव्हीडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरची ओळही तेच म्हणते: १०डीई, कोणतेही, वर्ग ०३ उपवर्ग ०० किंवा ०२. म्हणजे २००९ चे जीफोर्स २१० असो की आजचे कार्ड, दोन्ही ड्रायव्हर 'माझेच' म्हणून हात वर करतात. कार्ड कोणत्या पिढीचे आहे याचा पत्ता त्या ओळीत कुठेच नाही. जो आधी चढेल तो कार्ड धरून बसतो, दुसऱ्याला मोकळ्या हाताने परत जावे लागते.

खरी अडचण कार्ड शोधण्याची नाही. कार्ड तर कर्नलला पहिला प्रोसेस सुरू होण्याआधीच सापडलेले असते. कार्ड कोणाच्या ताब्यात जाणार आणि कधी, हे ठरवणे हेच आपले काम. म्हणून या प्रकल्पातल्या स्क्रिप्टचे नाव 'शोधक' न ठेवता 'निवडक' ठेवले.

ठरले ते असे: इमेजमध्ये 'ब्लॅकलिस्ट नूवो' ही ओळ कायमची. ब्लॅकलिस्ट केल्याने फक्त अलायसवरून होणारी आपोआप चढाई थांबते, नाव घेऊन मॉडप्रोब (मॉड्यूल चढवणारी आज्ञा) केले तर नूवो मुकाट चढतो. अनेकजण ब्लॅकलिस्ट म्हणजे कायमची बंदी समजतात आणि मग पर्यायी मार्गच बंद करून बसतात. आपल्याला इथे हाच फरक उपयोगी पडतो. यूडेव्ह नूवोला हात लावणार नाही, निवडकाला हवा तेव्हा तो मिळेल.

१३ जानेवारी

दोन जीटी ७३० मुद्दाम ठेवली होती, त्याचे कारण आज सगळ्यांनी पाहिले. खोक्यावर तेच नाव, तेवढीच मेमरी. एकाचा क्रमांक १०डीई:१२८७, आत केपलर पिढीची जीके२०८ चिप, ड्रायव्हर ४७० चा (एनव्हीडियाच्या ड्रायव्हरच्या शाखा अशा क्रमांकांनी ओळखल्या जातात). दुसऱ्याचा १०डीई:०एफ०२, आत फर्मी पिढीची जीएफ१०८, तिला ३९० हवा, जो डेबियन १२ मध्ये नाही. नावावरून जुळवणी करणारी कोणतीही स्क्रिप्ट इथे एकदा तरी तोंडावर आपटणारच. नाव वाचायचेच नाही, चार अंकी क्रमांक वाचायचा.

तक्ता असा ठरला. एका ओळीत एक क्रमांक आणि त्यापुढे शाखा.
मॅक्सवेल आणि त्यापुढची पिढी: ५२५.
केपलर: ४७०.
फर्मी आणि टेस्ला पिढी: नूवो.
तक्त्यात नसलेला क्रमांक: नूवो.

शेवटच्या ओळीवर बराच वेळ चर्चा झाली. अनोळखी क्रमांक म्हणजे नवे कार्ड असणार, त्याला ५२५ द्यावा, असे एक मत. ते मान्य केले नाही. चुकीचा ड्रायव्हर चढला तर पडदा जाण्याची शक्यता असते, नूवो चढला तर फार तर वेग जातो. क्रमांकांच्या याद्या हाताने टंकायच्या नाहीत. डेबियनच्या एनव्हीडिया-डिटेक्ट पॅकेजमध्ये त्या आहेत, बांधणीच्या वेळी तिथूनच उचलायच्या.

१७ जानेवारी

५२५ आणि ४७० एकाच इमेजमध्ये एकत्र नांदत नाहीत. मॉड्यूलचे नाव तेच, लायब्ररींची नावे तीच. डेबियन हे अल्टरनेटिव्ह्ज पद्धतीने (दुवे बदलून हवी आवृत्ती निवडून) सोडवतो, पण त्यातले दुवे एटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरखाली असतात आणि प्रत्येक बूटला ते हलवणे म्हणजे नवे घोळ.

त्याऐवजी सिस्टमडी-सिसएक्स्ट (सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीमधली, चालू प्रणालीवर जादा फाइली पांघरणारी सोय) वापरतो आहोत. डेबियन १२ च्या सिस्टमडी २५२ मध्ये ते आहे. प्रत्येक शाखेची वेगळी स्क्वॉशएफएस (दाबून बसवलेली, फक्त वाचता येणारी) फाइल, आत फक्त यूएसआर (प्रोग्राम आणि लायब्ररींचे फोल्डर) खालचा भाग. निवडक हवी ती फाइल रन/एक्स्टेन्शन्स मध्ये दुव्याने ठेवतो, मर्ज म्हणतो आणि ती यूएसआरवर पांघरली जाते. दुसरी शाखा आहे हेही चालू यंत्राला कळत नाही.

करताना आडवे आलेले मुद्दे. एक, फाइलच्या आत एक्स्टेन्शन-रिलीज नावाची खूणफाइल लागते. तिच्या नावाचा शेपटाचा भाग इमेजच्या नावाशी तंतोतंत जुळला पाहिजे आणि आत आयडी डेबियन, आवृत्ती १२ असले पाहिजे. इमेजचे नाव बदलून खूणफाइलचे नाव तसेच ठेवले तर इमेज नाकारली जाते. दोन, लायब्ररी डेबियनच्या खास उपफोल्डरमध्ये न ठेवता थेट यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू मध्ये ठेवल्या. तो लोडरचा ठरलेला मार्ग आहे, त्यामुळे एटीसीमधल्या कॅशला हात लावावा लागत नाही. तीन, पांघरल्यावर यूएसआर फक्त वाचता येतो, एप्ट (पॅकेज बसवणारा प्रोग्राम) चालत नाही. प्रयोगशाळेच्या इमेजला ते चालते, उलट बरेच.

चौथा मुद्दा पुढे कोणी विसरू नये म्हणून वेगळा लिहितो. लाइव्ह इमेजचे मूळ स्वतःच ओव्हरलेएफएस (एका फाइल सिस्टमवर दुसरी पांघरणारा थर) आहे. त्यावर सिसएक्स्टचा दुसरा ओव्हरले. कर्नल अशा दोनच थरांना परवानगी देतो. तिसरा थर चढवायला गेले की माउंट फसते. या यंत्रावर कंटेनर चालवायचे कोणाच्या मनात असेल तर हे आधी वाचावे.

१८ जानेवारी

एनव्हीडियाची मॉड्यूल्स मुद्दाम डेपमॉडच्या नजरेआड, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली. अलायस फाइलमध्ये ती नाहीत, म्हणून यूडेव्हला ती ठाऊकच नाहीत. ११ तारखेची शर्यत यामुळे मुळातच मिटली.

किंमत मोजावी लागली ती अशी. मॉडप्रोब वापरता येत नाही, दिलेली फाइल थेट चढवणारे इनस्मॉड वापरावे लागते, आणि इनस्मॉड अवलंबित्व बघत नाही. पहिल्या प्रयत्नात एनव्हीडिया चढले, एनव्हीडिया-डीआरएम (डीआरएम म्हणजे कर्नलचा ग्राफिक्स विभाग) 'अननोन सिम्बॉल' म्हणून थांबले. त्याला लागणारे डीआरएम_केएमएस_हेल्पर अजून कोणी आणलेच नव्हते. आता क्रम पक्का: आधी मॉडप्रोबने डीआरएम_केएमएस_हेल्पर, मग इनस्मॉडने एनव्हीडिया, एनव्हीडिया-मोडसेट, शेवटी एनव्हीडिया-डीआरएम, त्याला मोडसेट=१ देऊन. मोडसेट=१ दिले नाही तर सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या सिस फोल्डरमध्ये) कनेक्टर दिसत नाहीत, आणि मॉनिटर जोडला आहे की नाही हे तपासायचा मार्गच राहत नाही.

डेबियनने बांधलेली फाइल एनव्हीडिया-करंट.केओ नावाची असते, पण चढल्यावर एलएसमॉडमध्ये (चढलेल्या मॉड्यूल्सच्या यादीत) नुसते एनव्हीडिया दिसते. आरएमएमॉडने उतरवताना नुसते 'एनव्हीडिया' हेच नाव वापरायचे.

२२ जानेवारी

सेवेचा क्रम. निवडकाला यूडेव्हची वाट पाहायची गरज नाही. सिस/बस/पीसीआय/डिव्हाइसेस खालच्या क्लास, व्हेंडर आणि डिव्हाइस या तीन छोट्या फाइली वाचल्या की झाले, त्या सुरुवातीपासून तयार असतात. उपकरणांची यादी देणारी एलएसपीसीआय आज्ञाही लागत नाही. सेवा वनशॉट (एकदाच चालून संपणाऱ्या) प्रकारची, डिस्प्ले-मॅनेजरच्या (लॉगिनचा पडदा आणणाऱ्या सेवेच्या) आधी, कमाल ३० सेकंद. फक्त 'बिफोर' लिहायचे, डिस्प्ले-मॅनेजरला 'रिक्वायर्स' लावायचे नाही. निवडक कोलमडला तरी लाइटडीएम, म्हणजे आपला डिस्प्ले-मॅनेजर, सुरू झालेच पाहिजे.

लाइटडीएममध्ये लॉगाइंड-चेक-ग्राफिकल नावाची सोय आहे. ती चालू असली की ग्राफिक्स तयार आहे असे लॉगाइंडने (लॉगिन सांभाळणाऱ्या सेवेने) सांगेपर्यंत लाइटडीएम थांबतो. पहिल्या नजरेला अगदी हवी तशी वाटते. पण लॉगाइंड तयार म्हणतो तो डीआरएमचे कार्ड दिसल्यावर. एकही डीआरएम ड्रायव्हर चढला नाही आणि यंत्राच्या फर्मवेअरने दिलेल्या फ्रेमबफरवरच (साध्या चित्र-स्मृतीवरच) काम भागवायचे आहे, अशा वेळी तो कधीच 'तयार' म्हणत नाही आणि लाइटडीएम ताटकळत बसतो. म्हणजे जिथे चित्र सर्वात जास्त हवे, नेमके तिथेच काळा पडदा. सोय बंद ठेवली. त्याऐवजी निवडक स्वतः डेव्ह/डीआरआय/कार्ड० ची १० सेकंद वाट पाहतो आणि मग वाट मोकळी करतो.

२७ जानेवारी

आरएक्स ५७० वर बूट होताना लोगो आला आणि चित्र तिथेच गोठले. लॉगमध्ये कार्डाला लागणारी अमुक फर्मवेअर फाइल मिळाली नाही, चूक -२. गंमत म्हणजे फाइल इमेजमध्ये होती, उघडून पाहिली, आकारही बरोबर.

कारण सापडायला अर्धा दिवस गेला. बूटच्या लोगोसाठी प्लिमथ घातला होता. प्लिमथ आला की ग्राफिक्सची मॉड्यूल्स इनिट्रॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला वापरल्या जाणाऱ्या छोट्या फाइल सिस्टममध्ये) भरली जातात. एएमडीचा ड्रायव्हर एएमडीजीपीयू त्यामुळे तिथेच, मूळ फाइल सिस्टम जोडली जाण्याआधी चढला. फर्मवेअर आपण पॅकेजने न घालता हाताने इमेजमध्ये ठेवले होते, तेही इनिट्रॅमएफएस बनून झाल्यावर. म्हणून त्या चिमुकल्या जगात फाइल नव्हतीच. एकदा ड्रायव्हर फसला की मूळ फाइल सिस्टम आल्यावर कर्नल पुन्हा प्रयत्न करत नाही. आणि ६.१ मध्ये ड्रायव्हर फर्मवेअर शोधण्याआधीच जुना फ्रेमबफर हुसकावून लावतो. जुने गेले, नवे आले नाही, म्हणून गोठलेले चित्र.

उपाय: फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स आणि फर्मवेअर-मिस्क-नॉनफ्री ही पॅकेजेस रीतसर नॉन-फ्री-फर्मवेअर विभागातून, आणि बांधणीच्या शेवटच्या हूकमध्ये (आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) अपडेट-इनिट्रॅमएफएस. तपासणीसाठी एलएसइनिट्रॅमएफएस चालवून त्यात पोलारिस१० (आरएक्स ५७० चे फर्मवेअर) शोधायचे. नाही सापडले तर बांधणी थांबवायची. ही तपासणी कायम राहील.

आर७ २४० बद्दल एवढेच: या पिढीचा क्रमांक रेडिऑन (एएमडी कार्डांचा जुना ड्रायव्हर) आणि एएमडीजीपीयू दोघांच्याही यादीत आहे, पण ६.१ मध्ये ठरलेला मालक रेडिऑनच आहे आणि एएमडीजीपीयू आपणहून बाजूला होतो. तसेच राहू दिले. एचडी ५४५० वर रेडिऑनशिवाय पर्यायच नाही.

३ फेब्रुवारी

सिक्युअर बूट, म्हणजे मान्य सही नसलेला कोड अडवणारी सोय. नवी यंत्रे ते चालू ठेवूनच येतात. आपली एनव्हीडिया मॉड्यूल्स डेबियनच्या किल्लीने सही केलेली नाहीत, म्हणून कर्नल 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' म्हणून परत पाठवतो. स्वतःची किल्ली बनवून साइन-फाइलने सही करायची आणि तीच किल्ली मोकयूटिल इम्पोर्टने यंत्रात नोंदवायची. पुढच्या बूटला निळा पडदा येतो, तिथे पासवर्ड टाकून मान्यता द्यावी लागते. ही नोंद यंत्राच्या स्मृतीत राहते, पेनड्राइव्हमध्ये नाही. म्हणजे प्रत्येक यंत्रासमोर एकदा बसणे आलेच, त्याला पळवाट नाही आणि नसावी.

नोंदणी झालेली नसेल तर निवडकाने धडपडायचे नाही. मोकयूटिलने किल्ली तपासायची, नसेल तर थेट नूवो. तो डेबियनच्या कर्नलबरोबर सही होऊन येतो.

आज फसलेली गोष्ट: सही केलेले मॉड्यूलही नाकारले गेले. बांधणीत सहीनंतर स्ट्रिप (फाइलमधला जादा भाग काढणारी आज्ञा) चालत होते. सही मॉड्यूलच्या शेपटाला जोडलेली असते, स्ट्रिपने शेपूट कापले. आता क्रम उलटा केला. खात्रीसाठी फाइलचे शेवटचे २८ बाइट टेलने पाहायचे, तिथे 'मॉड्यूल सिग्नेचर अपेंडेड' हे शब्द दोन्ही बाजूंना लहरी चिन्हासह दिसले पाहिजेत.

१२ फेब्रुवारी

शनिवारी, १० तारखेला डेबियन १२.५ आले. कर्नल ६.१.०-१७ वरून ६.१.०-१८ झाला, आतला ६.१.७६. आज सकाळची बांधणी ५२५ आणि ४७० दोन्हींवर मोडली. मॉडपोस्टची (बांधणीतल्या तपासणीची) तक्रार: जीपीएलशी (कर्नलच्या परवान्याशी) न जुळणारे मॉड्यूल एनव्हीडिया.केओ हे __आरसीयू_रीड_लॉक हे फक्त जीपीएलसाठी राखलेले चिन्ह वापरते आहे.

ड्रायव्हरच्या कोडमध्ये हे नाव शोधले, कुठेच नाही. ते येते पीएफएन_व्हॅलिड मधून. मेमरीतली एक शर्यत मिटवण्यासाठी ६.१.७६ मध्ये त्या फंक्शनच्या आत आरसीयूचे (कर्नलमधल्या एका समन्वय-पद्धतीचे) कुलूप घातले गेले. पीएफएन_व्हॅलिड इनलाइन आहे, म्हणजे त्याचा मजकूर वापरणाऱ्याच्या कोडमध्ये जसाच्या तसा ओतला जातो. ड्रायव्हर पूर्वीसारखेच पीएफएन_व्हॅलिड म्हणतो, पण आता त्याच्या पोटात राखीव चिन्ह येते आणि परवान्याची तपासणी त्याला अडवते. कोणी मुद्दाम दार लावलेले नाही. एका दुरुस्तीचा धक्का दुसरीकडे बसला.

ज्यांनी डीकेएमएसवर (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल्स आपोआप बांधणाऱ्या सोयीवर) विसंबून थेट अपग्रेड केले, त्यांच्याकडे काय झाले असेल ते उघड आहे: नवा कर्नल आहे, एनव्हीडियाचे मॉड्यूल नाही, नूवो ब्लॅकलिस्टमध्ये. त्यांना तात्पुरता मार्ग ग्रब या बूट मेन्यूच्या प्रगत पर्यायांतून ६.१.०-१७ ने बूट करण्याचा. आपल्या इमेजमध्ये मॉड्यूल्स आधीच बांधलेली असल्याने चालू पेनड्राइव्हना काही झाले नाही. तरीही प्रयोग म्हणून १८ च्या कर्नलबरोबर मॉड्यूलविना इमेज करून पाहिली. इनस्मॉडला फाइल मिळाली नाही, निवडकाने नूवो चढवला, जीटीएक्स १०५० टीआय वर डेस्कटॉप आला. ही आजची सर्वात समाधानाची गोष्ट.

१७ फेब्रुवारी

दुरुस्त केलेले ड्रायव्हर पॅकेज डेबियनने उपलब्ध केले आहे. दोन्ही शाखा १८ वर बांधल्या. पण धडा कामाला लावायचा: आता बांधणीच्या फाइलमध्ये कर्नलची नेमकी आवृत्ती लिहिलेली आहे. दोन्ही शाखांची मॉड्यूल्स त्या आवृत्तीवर बांधून झाल्याशिवाय कर्नल पुढे सरकणार नाही. मॉडइन्फोने व्हरमॅजिक (मॉड्यूल कोणत्या कर्नलसाठी बांधले ती खूण) वाचून ती इमेजमधल्या कर्नलशी ताडून पाहायची पायरीही घातली.

२४ फेब्रुवारी

एका यंत्रात आतले इंटेल आणि वरचे जीटी ७१० दोन्ही चालू. केबल कशात आहे हे आधी कळत नाही. बूट_व्हीजीए या फाइलमध्ये १ असेल ते कार्ड बायोसने मुख्य धरलेले, म्हणून निवडीची सुरुवात तिथून. पण ती फाइल फक्त व्हीजीए वर्गाच्या कार्डाला असते, ०३०२ वाल्यांना नसते. स्क्रिप्ट आधी तिथेच अडखळत होती. आता ड्रायव्हर चढल्यावर सिस/क्लास/डीआरएम खालच्या कनेक्टरांच्या स्टेटस फाइली वाचतो आणि जिथे 'कनेक्टेड' दिसेल ते कार्ड मुख्य मानतो.

२ मार्च

परतीचा मार्ग पुरा केला. एनव्हीडिया चढवल्यावर १० सेकंदांत कनेक्टर दिसला नाही, किंवा इनस्मॉडनेच 'नो सच डिव्हाइस' म्हटले, तर मॉड्यूल्स उलट्या क्रमाने उतरवायची, सिसएक्स्ट अनमर्ज, मग नूवो. जीटी ७१० ला मुद्दाम ५२५ देऊन पाहिले. ड्रायव्हर स्वतःच लॉगमध्ये लिहितो की हे कार्ड ४७० च्या जुन्या शाखेत येते, आणि बाजूला होतो. तक्ता चुकला तरी ड्रायव्हरला आपली हद्द माहीत असते, हे पाहून बरे वाटले. बूटला नोमोडसेट (ग्राफिक्स ड्रायव्हर चढवू नको असे कर्नलला सांगणारा पर्याय) दिलेले असेल तर निवडक काहीच करत नाही. ग्रबच्या दुसऱ्या ओळीत तो पर्याय 'सुरक्षित ग्राफिक्स' म्हणून आहे. यंत्र पूर्ण लटकले तर एवढाच उपाय, कारण लटकलेल्या यंत्रात आपली स्क्रिप्टही लटकलेली असते.

बूटच्या वेळी मराठीत संदेश द्यायचा विचार सोडावा लागला. लिनक्सच्या मजकुरी कन्सोलवर देवनागरी जुळत नाही, नुसते चौकोन येतात. संदेश आता लॉगिननंतर नोटिफाय-सेंडने येतो: 'या यंत्रावर साधे ग्राफिक्स चालू आहे. काम करता येईल, व्हिडिओ संथ वाटू शकतो.' त्यात ड्रायव्हर हा शब्द नाही.

९ मार्च

अकराही कार्डांवर प्रत्येकी दोन बूट: एक थंड, एक रीस्टार्टने. सगळीकडे चित्र आले. रीस्टार्टचा बूट वेगळा तपासायचा कारण कार्डाची जुनी अवस्था कधीकधी तशीच उरते. फर्मी जीटी ७३० नूवोवर चालते, पण दोन सारख्या खोक्यांचा घोळ पुन्हा नको म्हणून कार्डाच्या पट्टीवरच पीसीआय क्रमांक चिकटवला. बाकी राहिले: चार यंत्रांवर किल्लीची नोंदणी, आणि तक्त्याची फाइल बदलली तर अकराही चाचण्या पुन्हा चालवण्याची यादी भिंतीवर लावणे.